फ्ल्यू गॅस ॲनालायझर पहिल्यांदा वापरताना: बॉयलर हाऊसमधल्या नव्या मंडळींसाठी

डिप्लोमा किंवा आयटीआय करून एखाद्या डेअरीला, कापडाच्या प्रोसेस हाऊसला किंवा साखर कारखान्याला लागलात, की पहिल्या वर्षभरात कधीतरी वरिष्ठ तुमच्या हातात एक पेटी देतात आणि सांगतात, "बॉयलरचा ऑक्सिजन बघून ये." पेटीत फ्ल्यू गॅस ॲनालायझर, म्हणजे बॉयलरच्या धुरातले वायू मोजणारं यंत्र असतं. सोबतचं पुस्तक इंग्रजीत, तेही बटणांपुरतं. डक्टवर (धूर चिमणीकडे नेणाऱ्या पत्र्याच्या मार्गावर) नेमकं कुठे जायचं, काय बघायचं आणि हे सगळं जीव सांभाळून कसं करायचं, हे शेजारी उभं राहून दाखवायला कुणाला वेळ नसतो.

एमआयडीसीतले लहान-मध्यम बॉयलर, थर्मिक फ्लुइड हीटर, हॉटेल-हॉस्पिटलमधले हॉट वॉटर जनरेटर यांच्यावर हेच काम करत असल्यामुळे नवीन मुलं कुठे अडतात ते मला रोज दिसतं. स्क्रीनवरचा आकडा खरा आहे अशी खात्री होईपर्यंत डँपरला (हवा कमी-जास्त करायच्या झडपेला) हात लावायचा नाही, असं माझं ठाम मत आहे. निम्मी मेहनत खरा आकडा मिळवण्यात जाते आणि ती तिथेच जायला हवी. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत.

आधी एवढं समजून घ्या

हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. इंधन जळताना त्यातला बराचसा संपतो आणि उरलेला धुराबरोबर बाहेर पडतो. तो किती उरला यावरून गरजेपेक्षा किती जादा हवा आत गेली ते कळतं. हिशोब सोपा आहे: धुरातला ऑक्सिजन भागिले (२१ वजा तोच ऑक्सिजन), गुणिले १००. ऑक्सिजन ३ टक्के आला तर जादा हवा साधारण १७ टक्के, ७ आला तर ५० टक्के, आणि साडेदहा आला तर पूर्ण १०० टक्के, म्हणजे गरजेच्या दुप्पट हवा.

ही जादा हवा तीस अंशाला आत येते आणि दोनशेच्या वर तापून चिमणीतून निघून जाते. ती तापवण्याचा खर्च तुमच्या इंधनातून होतो. फर्नेस ऑइलचं उदाहरण घ्या. एक किलो तेल जळायला साधारण १४ किलो हवा लागते. धुराचं तापमान २२० अंश, बाहेरची हवा ३० अंश. ऑक्सिजन ८ टक्के असेल तर कोरड्या धुरावाटे जाणारी उष्णता ढोबळ हिशोबाने १० टक्के भरते. ऑक्सिजन ४ टक्क्यांवर आणला तर ती पावणेआठच्या आसपास येते. तापमान तेच, बॉयलर तोच, फक्त हवा कमी केली. दिवसाला हजार लिटर तेल खाणाऱ्या बॉयलरवर हा सव्वादोन टक्क्यांचा फरक काय होतो, ते तुमच्या स्टोअरच्या दराने मांडून बघा.

मग हवा हवी तितकी कमी का करू नये? कारण हवा अपुरी पडली की इंधन अर्धवट जळतं आणि कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे आपल्या बोलण्यातला सीओ, तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त जोराने चिकटतो. हे यंत्र त्याच वायूच्या वाटेत प्रोब घालून वापरायचं आहे, म्हणून या लेखात यंत्राच्या बटणांइतकीच जागा सुरक्षिततेला दिली आहे.

काय काय जवळ हवं

यंत्रासोबत प्रोब (धुरात घालायची नळी), होज, पाण्याचा ट्रॅप आणि जादा फिल्टर. प्रोबवर सरकणारा कोन (शंकूच्या आकाराचं बूच) किंवा बुश असतो, तो हरवलेला असेल तर आधी मागवून घ्या. ड्राफ्ट (भट्टीतला आणि डक्टमधला हलका दाब) मोजायची सोय यंत्रात नसेल तर वेगळा मॅनोमीटर. डक्टवरचं प्रोब घालायचं छिद्र बंद करायला ग्लासवूल किंवा प्लग, आणि प्लग सोडवायला पाना. तो गंजून बसलेला असतोच, तेव्हा आदल्या दिवशीच सैल करून घेतलेला बरा.

अंगावर हेल्मेट, गॉगल, सेफ्टी शूज, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि उष्णतेचे हातमोजे. कॉटनचे साधे पांढरे मोजे चालत नाहीत. धुरातून काढलेला प्रोब दीड-दोनशे अंशावर असतो. आणि छातीला लावायचा वैयक्तिक सीओ अलार्म. याच्याशी तडजोड करू नका. "ॲनालायझर सीओ दाखवतोच की" असं कुणीतरी म्हणेल. तो डक्टमधला सीओ दाखवतो. तुमच्या नाकाजवळ किती आहे ते त्याला माहीत नसतं.

कागदांमध्ये ॲनालायझरचं चालू कॅलिब्रेशन सर्टिफिकेट (एनएबीएल मान्यताप्राप्त लॅबचं असेल तर उत्तम, मुदत सहसा वर्षाची), वर्क परमिट, बॉयलरचं लॉगबुक, मागच्या तपासणीचे आकडे आणि इंधनाचा ताजा रिपोर्ट. ब्रिकेट किंवा बगॅस (उसाचं चिपाड) असेल तर ओलावा किती, हे त्या रिपोर्टमध्ये बघून ठेवा.

१. परवानगी आणि जोडीदार

बॉयलर चालवायचा अधिकार प्रमाणपत्र असलेल्या अटेंडंटचा आहे. आपण फक्त मोजायला आलोय, हे त्याला आधी सांगा आणि त्याच्याकडूनच सुरुवात करा: आज लोड कसा आहे, ब्लोडाऊन (बॉयलरमधलं क्षार साचलेलं पाणी सोडणं) कधी करणार, कालपासून काही वेगळं जाणवतंय का. वीस-वीस वर्षं त्याच बॉयलरवर काढलेल्या मामांना आवाजावरून जे कळतं ते तुमच्या स्क्रीनवर कधीच दिसणार नाही. "मामा, मी वर प्रोब लावतो, तुम्ही दार उघडायच्या आधी हाक मारा," एवढं ठरवून घेतलं की काम नीट होतं.

एकट्याने वर चढायचं नाही. डक्टवरचं छिद्र उंचावर असेल तर रेलिंग असलेला प्लॅटफॉर्म हवा. तो नसेल तर उंचीवरच्या कामाचा परमिट आणि सेफ्टी बेल्ट. शिडीवर एका हाताने धरून दुसऱ्या हाताने प्रोब सांभाळायचा प्रकार करू नका. छिद्र सोयीच्या जागी नसेल तर पुढच्या शटडाऊनमध्ये प्लॅटफॉर्म करून मागा आणि आजची तपासणी पुढे ढकला.

२. बॉयलर हाऊसची हवा आधी तपासा

आत जाताना वैयक्तिक अलार्म चालू असू द्या. कारखाना अधिनियम, १९४८ च्या दुसऱ्या अनुसूचीत आठ तासांच्या पाळीसाठी सीओची सरासरी मर्यादा ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५० भाग) ठरवलेली होती. बहुतेक अलार्म त्याच्या खालीच, तीस-पस्तीसला वाजायला लागतात. अलार्म वाजला तर तपासणी तिथेच थांबवा, सगळ्यांना बाहेर काढा, दारं-खिडक्या उघडा आणि अटेंडंटला फायरिंग थांबवायला सांगा. धूर खोलीत कुठून येतोय ते शोधून दुरुस्त होईपर्यंत मोजमाप नको. १,२०० पीपीएम ही तत्काळ जिवावर बेतणारी पातळी मानली जाते, आणि डक्टमध्ये तेवढा सीओ असणं ही फार दुर्मिळ गोष्ट नाही.

डोकं जड होणं, गरगरणं, मळमळ ही लक्षणं उन्हाची किंवा ॲसिडिटीची समजून लोक सोडून देतात. बॉयलर हाऊसमध्ये ती जाणवली तर आधी मोकळ्या हवेत या आणि १०८ ला फोन करा. कुणी आत कोसळलं असेल तर श्वसनयंत्राशिवाय मागे धावत जाऊ नका.

हॉटेलांच्या तळघरातले हॉट वॉटर जनरेटर इथे जास्त धोक्याचे. जागा बंदिस्त, हवेची जाळी बऱ्याचदा खोक्यांनी झाकलेली. जळायला लागणारी हवा कुठून येते, ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

३. यंत्र बाहेरच्या हवेत सुरू करा

नव्या लोकांकडून सगळ्यात जास्त वेळा सुटणारी ही पायरी. यंत्र सुरू झालं की ते मिनिट-दोन मिनिटं आजूबाजूची हवा ओढतं आणि ती स्वच्छ आहे असं गृहीत धरून शून्य लावतं: ऑक्सिजन २०.९, सीओ ०. तुम्ही ते बॉयलरच्या शेजारी सुरू केलं आणि तिथल्या हवेत ३० पीपीएम सीओ असेल, तर यंत्र त्या तिसालाच शून्य समजेल. पुढचं प्रत्येक रीडिंग चुकीचं, आणि स्क्रीनवर तसं कुठेही दिसणार नाही.

म्हणून उघड्या आवारात, ट्रकच्या धुरापासून लांब, प्रोब जोडून सुरू करा. शून्य लागल्यावर ऑक्सिजन २०.९ वर स्थिर आहे ना ते बघा. २०.२-२०.३ वर रेंगाळत असेल तर सेल संपत आलेला असू शकतो. ऑक्सिजनचा इलेक्ट्रोकेमिकल सेल यंत्र वापरा किंवा न वापरा, साधारण दोन-तीन वर्षांत संपतो.

मग गळती बघा: प्रोबचं तोंड बोटाने किंवा रबरी टोपीने बंद करा. पंपाचा आवाज जड झाला पाहिजे किंवा यंत्राने "फ्लो कमी" असा इशारा दिला पाहिजे. काहीच फरक पडला नाही, तर होज कुठेतरी चिरलेला आहे आणि यंत्र धुराबरोबर बाहेरची हवाही ओढणार. ट्रॅपमधलं पाणी काढून तो उभा लावा. फिल्टर काळा पडला असेल तर बदला. ब्रिकेट आणि बगॅसच्या राखेने तो एका दिवसात भरतो.

४. इंधन नीट निवडा

बहुतेक पोर्टेबल यंत्रं कार्बन डायऑक्साइड मोजत नाहीत. ऑक्सिजन मोजतात आणि निवडलेल्या इंधनावरून बाकीचा हिशोब करतात. त्यामुळे मेनूत पीएनजी असताना फर्नेस ऑइलवर प्रोब घातला, तर ५ टक्के ऑक्सिजनला यंत्र कार्बन डायऑक्साइड ९ टक्क्यांच्या आसपास दाखवेल. प्रत्यक्षात तो १२ च्या जवळ असतो. कार्यक्षमतेचा आकडाही त्याच्यामागोमाग चुकतो. बगॅस, भुशाची ब्रिकेट, काजूची टरफलं ही आपल्याकडची इंधनं परदेशी यंत्राच्या यादीत सहसा नसतात. "लाकूड" निवडून कामचलाऊ आकडा मिळतो. नेमका हवा असेल तर इंधनाचा रिपोर्ट बघून स्वतःचं इंधन यंत्रात भरावं लागतं. ते होत नसेल तर कार्यक्षमतेच्या आकड्याकडे बघूच नका. फक्त ऑक्सिजन, सीओ आणि तापमान लिहा. हे तिन्ही प्रत्यक्ष मोजलेले असतात.

५. छिद्राची जागा

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत बहुतेक वेळा इथेच होते. गडबड एअर प्रीहीटरच्या (धुराच्या उष्णतेने आत जाणारी हवा तापवणाऱ्या भागाच्या) गंजलेल्या ट्यूबमध्ये असते आणि आपण बर्नरची हवा कमी करत बसतो, कारण आपण प्रोब चिमणीच्या पायथ्याशी घातलेला असतो.

आय.डी. फॅन (धूर ओढून चिमणीकडे नेणारा पंखा) असलेल्या बॉयलरमध्ये डक्ट उणे दाबावर, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाबावर असतो. जिथे फट असेल तिथून तो बाहेरची हवा आत ओढतो. ही हवा भट्टीत गेलेलीच नसते, पण ती धुरात मिसळली की तीन गोष्टी एकदम होतात: ऑक्सिजन वाढतो, तापमान उतरतं आणि सीओ पातळ होतो. म्हणजे भट्टीत ४०० पीपीएम सीओ असताना धुरात २५ टक्के हवा मिसळली, तर तुम्हाला ३२० दिसेल. तापमान कमी दिसल्यामुळे बॉयलर उगाचच चांगला वाटेल.

म्हणून शक्य तिथे दोन छिद्रं ठेवा. पहिलं बॉयलरच्या धुराच्या तोंडाशी, इकॉनॉमायझर (त्याच उष्णतेने बॉयलरचं पाणी तापवणारा भाग) किंवा एअर प्रीहीटरच्या आधी. इथला ऑक्सिजन आणि सीओ भट्टीची खरी हकीकत सांगतो. दुसरं सगळ्या उष्णता घेणाऱ्या भागांनंतर, आय.डी. फॅनच्या आधी. इथलं तापमान चिमणीतून वाया जाणाऱ्या उष्णतेसाठी. दोन्हीकडच्या ऑक्सिजनवरून मधली गळती कळते: (नंतरचा वजा आधीचा) भागिले (२१ वजा नंतरचा), गुणिले १००. आधी ६ आणि नंतर ९ आला, तर २५ टक्के हवा मधेच घुसली आहे. अशा वेळी बर्नरला काही करायचं नाही. बेलो, मॅनहोलच्या दोऱ्या, प्रीहीटरच्या ट्यूब आणि डक्टचे जोड तपासायचे. पेटलेली उदबत्ती जोडाजवळ फिरवली की धूर कुठे आत ओढला जातोय ते लगेच दिसतं. मात्र तेलाच्या टाकीजवळ, गॅसच्या लाइनजवळ किंवा भुशाच्या साठ्याजवळ उदबत्ती नको.

वळणाला, डँपरला किंवा डक्ट रुंद होतो तिथे छिद्र घेऊ नका. तिथे धूर घोळतो. सरळ लांबीचा मधला भाग बघा. नवीन छिद्र पाडायचं असेल तर ते शटडाऊनमध्ये, डक्टवरच आणि बॉयलरच्या उत्पादकाला विचारून. बॉयलरच्या दाब असलेल्या भागाच्या जवळपास ड्रिल नेणं हा गंभीर प्रकार आहे. तिथलं कोणतंही काम बाष्पके संचालनालयाच्या परवानगीशिवाय होत नाही.

६. प्रोब घालणं

प्लग काढण्याआधी डक्टमध्ये दाब उणा आहे की अधिक, ते अटेंडंटला विचारा. फक्त एफ.डी. फॅनवर (भट्टीत हवा ढकलणाऱ्या पंख्यावर) चालणाऱ्या पॅकेज बॉयलरमध्ये दाब अधिक असू शकतो. तिथे प्लग निघाला की गरम धूर फसकन बाहेर येतो. छिद्रासमोर तोंड नको, बाजूला उभं राहून प्लग काढा.

प्रोब आत सरकवा आणि कोन छिद्रात घट्ट बसवा. कोन नसेल तर भोवती ग्लासवूल दाबा. उणे दाबाच्या डक्टमध्ये छिद्र उघडं राहिलं तर बाहेरची हवा थेट प्रोबच्या टोकावर येते आणि ऑक्सिजन दोन-तीन टक्क्यांनी सहज वाढतो.

टोक डक्टच्या मध्याशी हवं. मध्य कुठे आहे ते तापमानावरून ओळखायचं. प्रोब हळूहळू आतबाहेर करा. जिथे तापमान सर्वांत जास्त आणि ऑक्सिजन सर्वांत कमी, ती जागा धरा आणि प्रोबवर खूण करून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी तेवढाच आत जाईल. मोठा डक्ट असेल तर प्रोब तीन-चार वेगवेगळ्या अंतरांपर्यंत आत घालून रीडिंग घ्या आणि सरासरी काढा.

७. लोड स्थिर होऊ द्या

थंड बॉयलरवर, नुकत्याच पेटलेल्या बर्नरवर किंवा ब्लोडाऊन चालू असताना घेतलेलं रीडिंग कामाचं नाही. बॉयलर किमान अर्धा तास एकसारख्या लोडवर असावा. गॅस आणि तेलाच्या बर्नरवर पाच-सात मिनिटांत आकडे बसतात. हाय फायर (बर्नर पूर्ण जोरात) आणि लो फायर (मंद), दोन्हींवर वेगळं रीडिंग घ्या. फक्त हाय फायरला बर्नर लावून निघून गेलं, तर रात्री लोड उतरल्यावर तोच बर्नर सीओ करू शकतो.

हाताने इंधन टाकायच्या भट्टीचं गणित वेगळं. दार उघडलं की थंड हवा आत जाते, ऑक्सिजन बारा-तेरापर्यंत उडी मारतो. दार लागलं की नव्या इंधनातून वायू सुटतात आणि सीओ हजारांत जातो. मग हळूहळू दोन्ही खाली येतात आणि निखारे कमी झाले की ऑक्सिजन पुन्हा चढतो. यातलं एखादं रीडिंग उचललं तर हवा तो निष्कर्ष काढता येईल. तसं करू नका. दर अर्ध्या मिनिटाला आकडा लिहीत तीन पूर्ण फेऱ्या होऊ द्या आणि सरासरी घ्या. दार किती वेळ उघडं राहिलं तेही लिहा. माझ्या अनुभवात अशा भट्ट्यांमध्ये सुधारणा डँपरपेक्षा तिथूनच जास्त होते: थोडं थोडं पण लवकर इंधन टाकायचं आणि दार पटकन लावायचं.

सीओ यंत्राच्या मर्यादेपलीकडे जाऊन इशारा आला, तर प्रोब ताबडतोब बाहेर काढा आणि पंप चालू ठेवून मोकळी हवा ओढू द्या. सीओचा सेल जास्त वायूने खराब होतो आणि तो महाग असतो.

८. ऑक्सिजन, सीओ आणि तापमान एकत्र वाचा

नुसत्या ऑक्सिजनवरून निर्णय घेणारे खूप बघितले. ऑक्सिजन ३ टक्के म्हणजे छान, असं नसतं. त्याच वेळी सीओ ८०० असेल तर ते छान अजिबात नाही.

साधारण चांगली स्थिती अशी: पीएनजीवर ऑक्सिजन २ ते ४ टक्के, तेलावर ३ ते ५, कोळशावर ५ ते ७, ब्रिकेट-बगॅसवर ६ ते ८. गॅस आणि तेलावर सीओ १०० पीपीएमच्या खाली राहायला हवा. घन इंधनावर तो काहीशेत असू शकतो. हे आकडे दिशा दाखवण्यापुरते. बर्नर उत्पादकाने दिलेले आकडे असतील तर तेच धरायचे.

ऑक्सिजन कमी आणि सीओ जास्त असेल तर हवा अपुरी आहे. आधी हवा वाढवा, बाकीचं नंतर. ऑक्सिजन जास्त आणि सीओ जवळजवळ शून्य असेल तर जादा हवा कमी करायला वाव आहे, पण पाचव्या पायरीतली गळती तपासल्यानंतरच. खरी कसोटी लागते ती ऑक्सिजन जास्त आणि सीओही जास्त असतो तेव्हा. हवा भरपूर आहे, पण ती इंधनात नीट मिसळत नाही. तेलाच्या बर्नरवर नोझल चोंदलेला किंवा झिजलेला असतो, तेल पुरेसं गरम नसतं (फर्नेस ऑइल बर्नरशी १०० ते १२० अंशाला लागतं) किंवा ज्वाला ट्यूबच्या थंड भिंतीवर आपटत असते. बगॅसमध्ये ओलावा पन्नास टक्क्यांच्या आसपास असतोच, पावसात भिजला तर त्याहून जास्त, आणि भट्टी थंड पडते. जाळीवर इंधन एकाच बाजूला साचलं तरी हेच होतं. या स्थितीत हवा कमी-जास्त करून काही हाती लागत नाही. बर्नर उघडून साफ करायला लागतो किंवा जाळी बघायला लागते.

दोन वेगळ्या दिवसांचा सीओ तसाच समोरासमोर ठेवू नका. ११ टक्के ऑक्सिजनला १५० पीपीएम आणि ३ टक्क्यांना १५० पीपीएम हे सारखे नाहीत. पहिला ३ टक्क्यांच्या पायावर आणला तर २७० होतो: १५० गुणिले १८, भागिले १०.

तापमानासाठी वाफेचं तापमान हा आधार धरा. १० किलो दाबाची वाफ साधारण १८४ अंशाची असते. इकॉनॉमायझर नसेल तर धूर तिच्यापेक्षा पन्नास-साठ अंश वर असणं समजण्यासारखं आहे. तोच ३०० ला गेला, तर आतून स्केल किंवा बाहेरून काजळी चढली आहे. ढोबळमानाने दर २२ अंशाला एक टक्का इंधन. सारख्या लोडवर हे तापमान आठवड्यागणिक चढत असेल, तर वॉटर सॉफ्टनर तपासा. फर्नेस ऑइलवर मात्र तापमान फार खाली न्यायच्या मागे लागू नका. तेलात गंधक असतं आणि धूर दीडशेच्या खाली गेला की ॲसिड जमून इकॉनॉमायझर आणि डक्ट खातं.

यंत्रावर दिसणारी कार्यक्षमता म्हणजे बॉयलरची कार्यक्षमता नव्हे. तिच्यात ब्लोडाऊन, बाहेरच्या पत्र्यातून जाणारी उष्णता, राखेतलं न जळलेलं इंधन यांचा हिशोब नसतो. शिवाय यंत्र "नेट"वर (धुरातल्या पाण्याच्या वाफेची उष्णता हिशोबात न धरता) लावलेलं असेल तर पीएनजीवर आकडा "ग्रॉस"पेक्षा दहाएक टक्क्यांनी मोठा दिसतो. विक्रेत्यांच्या कागदावर ९५ बघून हुरळून जाण्याआधी तो कशावर मोजलाय ते विचारा.

९. हवा बदलायची असेल तर

बदल प्रमाणपत्र असलेल्या अटेंडंटने किंवा बर्नरच्या सर्व्हिस इंजिनिअरने करायचा, तुम्ही आकडे वाचून दाखवायचे. डँपरची किंवा लिंकेजची आधीची जागा मार्करने खुणावून ठेवा. एकावेळी अगदी थोडा बदल, मग तीन-चार मिनिटं थांबायचं. ऑक्सिजन हळूहळू उतरतो, सीओ मात्र बराच वेळ शांत राहून एकदम चढतो. तो चढायला लागला त्या जागेवर थांबायचं नाही. तिथून एक-दीड टक्का ऑक्सिजन वर येईपर्यंत मागे फिरायचं. उद्या हवेचं तापमान बदलेल, फिल्टर तुंबेल, इंधन वेगळं येईल, त्यासाठी ही शिल्लक हवी.

आय.डी. आणि एफ.डी. यांचा तोल सांभाळा. भट्टीतला ड्राफ्ट उणे २ ते ५ मिलिमीटर पाण्याच्या आसपास राहू द्या. आय.डी. जास्त आवळला तर भट्टी अधिक दाबावर जाते आणि दार उघडणाऱ्याच्या अंगावर ज्वाळा येते. फायरिंग चालू असताना एक्स्प्लोजन डोअरच्या किंवा पाहणीच्या काचेच्या समोर रेंगाळायचं नाही. फ्लेम फेल्युअर, पर्ज टायमर, एअर प्रेशर स्विच या सुरक्षेच्या सोयींपैकी काहीही "तेवढ्यापुरतं" बायपास करायचं नाही, कुणीही सांगितलं तरी.

१०. यंत्र काढणं आणि नोंद

प्रोब हातमोजे घालून काढा आणि गार होईपर्यंत लोखंडी जाळीवर ठेवा. छिद्र लगेच बंद करा. उघडं राहिलेलं छिद्र म्हणजे कायमची गळती. यंत्र तसंच बंद करू नका. मोकळ्या हवेत पाच-दहा मिनिटं चालवा, ऑक्सिजन २०.९ आणि सीओ शून्यावर येऊ द्या, मग ट्रॅप रिकामा करून होज झटकून ठेवा. सीओ शून्यावर परत आलाच नाही तर घेतलेल्या रीडिंगवर शंका घ्या आणि पुन्हा मोजा.

लॉगबुकमध्ये तारीख, वेळ, इंधन आणि त्याचा ओलावा, वाफेचा दाब, लोड, छिद्र कोणतं, प्रोब किती आत, ऑक्सिजन, सीओ, धुराचं तापमान, बाहेरच्या हवेचं तापमान आणि ड्राफ्ट लिहा. बदल केला असेल तर आधीचे आणि नंतरचे दोन्ही आकडे, डँपरच्या जागेसकट. यंत्राचा सिरीअल नंबर आणि कॅलिब्रेशनची मुदतही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायचा चिमणीचा रिपोर्ट वेगळा. तो मान्यताप्राप्त लॅबकडूनच घ्यावा लागतो, तिथे ही नोंद चालत नाही.

शेवटी अटेंडंटला आकडे दाखवा आणि लॉगबुकवर त्यांचीही सही घ्या. पुढचे सहा महिने हा बॉयलर तेच चालवणार आहेत, तेव्हा आज ऑक्सिजन किती होता आणि सीओ कुठे चढायला लागला हे त्यांना माहीत असायला हवं.